सहाव्या दिवसाचा पाळणा

मद्रासला आमच्या वाचनालयात पोलिसांसाठी टेबल मांडायची पद्धत होती. आता कुणाला सांगितलं तर हसतात. पण तेव्हा लाल बावट्याचं व्याख्यान असो की गाण्याचा कार्यक्रम, ठाण्यातून एक माणूस सगळं लघुलिपीत लिहून घ्यायला यायचा. तो बिचारा मांडी घालून कसा लिहिणार, म्हणून आमचेच लोक त्याला टेबल, खुर्ची आणि गोटी सोड्याची बाटली द्यायचे. वाचनालय चालवणारे म्हातारे फिटर याबाबतीत फार काटेकोर. रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं हातोडा चालवलेला माणूस, पण टेबलाचा एक पाय हलत असला तर त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातल्याशिवाय सभा सुरू करायचे नाहीत. म्हणायचे, "तोही दिवसभर राबणारा तोळर आहे, अम्मा. त्याची संघटना नाही, एवढंच." तोळर म्हणजे कॉम्रेड. त्या भागात पोराटोरांपासून सगळे एकमेकांना तोळर म्हणत.

वाचनालय पेरांबूरला, कारखान्याच्या मागे. पत्र्याची लांब शेड, चार खांब, भिंतीला काठीत अडकवलेली वर्तमानपत्रं. रविवारी दुपारी चारला सभा. आधी अर्धा तास कुणीतरी बोलायचं, कधी रेशनवर, कधी आफ्रिकेवर, कधी आकाशात सोडलेल्या यानावर. मग गाणी. माणसं तीनशे-चारशे, शेडबाहेर चिंचेखाली सुद्धा. मी गाणाऱ्यांपैकी. तेव्हा वीस वर्षांची होते, एका प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

आम्ही तंजावरकडचे. दीडदोनशे वर्षं तिकडे राहून मद्रासला आलेले. बाहेर तमिळ, घरात आमची जुनाट मराठी, जी पुण्याकडचा माणूस ऐकेल तर अर्धी त्याच्या डोक्यावरून जाईल. ही आत्ता लिहिते आहे ती मराठी मी पुढे पुस्तकांतून शिकले. लहानपणी भाषा म्हणजे आमच्या घरचं न्हाणीघर वाटायचं. आत शिरून कडी लावली की कोणी बघत नाही. बसमध्ये, बाजारात, शेजाऱ्यांच्या तोंडावर त्यांचीच टवाळी आम्ही बिनधास्त करायचो. आमच्यासारखी शेकडो घरं त्याच शहरात होती, आणि त्यातली निम्मी सरकारी नोकरीत होती, हे लक्षात असूनही आम्ही असं वागायचो.

सरहद्दीवर लढाई झाली त्यानंतरच्या धरपकडीत माझा थोरला भाऊ भूमिगत झाला. अण्णा शाळामास्तर होता, वाचनालयात कामगारांचे अभ्यासवर्ग घ्यायचा. घरी आई आणि मी. वडील आधीच गेलेले. अण्णा गेला त्याच आठवड्यात पुरसवाक्कमला आमच्या घरासमोरच्या चहाच्या दुकानाच्या बाकावर दोन माणसं येऊन बसली, आणि पाळीपाळीने बसूनच राहिली. पहाटे पाणी भरायला दार उघडलं की दोघं, दिवेलागणीला उंबऱ्याशी पणती ठेवली की दोघं. ते काही करत नसत. चहा पीत आणि दाराकडे बघत. आईने जुन्या चादरीचा पडदा केला, पण पडद्याआड त्यांचं बघणं जास्तच जाणवायचं.

मग आई आजारी पडली. फुप्फुसात पाणी साचायचं, दम लागायचा. खाट दारासमोर ओढून घेतली होती. "अण्णा येईल तेव्हां मला उठायला लागूं नोको," ती म्हणायची.

अण्णा कुठे होता ते फिटरांनाही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की तो कधी कधी रविवारी सभेत येऊन बसतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पोलीस त्याला गावोगाव शोधत होते आणि तो पोलिसांच्या टेबलापासून वीस हातांवर, चारशे माणसांत, कुठल्या तरी वेषात. "तू शोधू नकोस," फिटर म्हणाले. "तू बघितलंस की तेही बघतील. आईचं काय सांगायचं ते तुमच्या भाषेत गाऊन सांग. तो ऐकेल."

आमच्याकडे बारशाला पाळणा म्हणतात तो दिवसांनी चालतो. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय, असं करत बाराव्यापर्यंत. चाल एकच, शब्द घरोघरचे. मी त्याच चालीत आठवड्याची खबर बसवली. फिटरांनी जाहीर केलं, की आता आपली बहीण मराठी श्रमिकांचं गाणं म्हणेल. मी म्हटलं:

"पहिल्या दिवशी लाविला दिवा,
आईच्या छातीत अडकली हवा, जो जो रे.
दुसऱ्या दिवशी वैद्य तो आला,
अर्धाच काढा पोटात गेला, जो जो रे."

पाच दिवस झाले की थांबायचे. सहावा मी कधी गात नसे. सहाव्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, म्हणून पाळण्याशी कोरा कागद आणि टाक ठेवतात, आणि तो दिवस रिकाम्या पाळण्याशी गाऊ नये असा आमच्या आईचा दंडक. बाळ नसताना सहावा गायला तर सटवी भलत्याचंच कपाळ शोधते. मी नास्तिक होते, सभेत तशी भाषणंही ठोकत असे, पण सहावा दिवस काही तोंडातून निघत नसे.

लोकांना ते गाणं फार आवडलं. तिसऱ्या रविवारपासून सगळे 'जो जो रे' माझ्याबरोबर म्हणायला लागले. गिरणीतल्या बायका, कारखान्याचे लोहार, चिंचेखालचे रिक्षावाले. कडक ऊन, पत्रा तापलेला, आणि चारशे माणसं डुलत डुलत माझ्या आईच्या खोकल्याला अंगाई म्हणतायत, कशाला म्हणतायत ते न कळता. त्या चारशेंत एक गळा अण्णाचा असेल म्हणून मी कान लावायची. कधी सापडला नाही. डोळे मी समोरच्या वर्तमानपत्रांच्या काठीवर ठेवायची, आणि काठीखाली नेमकं पोलिसांचं टेबल होतं.

तिथे बसणाऱ्याला सगळे रायटर म्हणत. ठाण्यात तो कारकुनी करायचा, कोणाची पाळी कुठे ते लिहायचा, आणि रविवारी आमचं. पन्नाशीचा, कपाळ मोठं, मान कायम खाली. चेहऱ्याऐवजी मला त्याचा भांगच दिसायचा. त्याची पेन्सिल कधी थांबत नसे. भाषण संपलं तरी चालायची, टाळ्या वाजल्या तरी, ढोलकी लावत असताना सुद्धा. शांततेत तिची कुरकुर ऐकू यायची. फिटर गमतीने म्हणायचे, की हा आपल्या शिंकासुद्धा लिहितो.

माझ्या पाळण्यात मात्र ती थांबायची. पहिल्या ओळीला थांबायची आणि शेवटच्या जो जो नंतर पुन्हा सुरू व्हायची. मला वाटलं, भाषा कळत नाही तर लिहिणार काय. मनातल्या मनात मी हसलेसुद्धा.

एका रविवारी आईची रात्र वाईट गेली होती आणि मी झोपेशिवाय आले होते. तिसरा दिवस म्हटला आणि एकदम पाचव्यावर गेले. 'पाच' एवढाच शब्द बाहेर पडला आणि मी अडखळले. चारशे माणसांना काही कळलं नाही, ती माझ्या चुकीवरही डुलत होती. पण खाली टेबलाशी रायटरचे ओठ हलले. आवाज नाही, मान खालीच. ओठ म्हणाले, "चौथ्या."

बारशाचा पाळणा लहानपणापासून ऐकलेल्या माणसालाच दिवस चुकला की राहवत नाही. मी चौथा गायले, पाचवा गायले, कसे ते मला माहीत नाही. दोन महिने मी आईचं सगळं त्याला सांगत होते. अण्णा तिथे असेल किंवा नसेल. तो मात्र दर रविवारी होता.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फिटरांनी गाणं बंद केलं असतं, आणि घरी आई दर रविवारी विचारायची, "आज सांगितलीस का अण्णास?" मी आपलं मनाशी ठरवून टाकलं की माणसाला चार शब्द येत असतील, जास्त नाही. आपल्याला हवं ते खरं मानण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही. पुढच्या रविवारी मी गायले, की आई आता पाणीसुद्धा चमच्याने घेते आणि तुझं नाव घेते. पेन्सिल थांबली होती.

त्यानंतरच्या रविवारी डॉक्टर सकाळी येऊन गेला होता. फार तर आठवडा, म्हणाला. भाषण संपून गाणी सुरू व्हायची होती, आणि सोडा नेऊन द्यायचं काम त्या दिवशी माझ्यावर आलं. मी बाटली टेबलावर ठेवली. त्याने मान वर केली नाही. पेन्सिल चालत राहिली, आणि ती चालत असतानाच तो बोलला. आजूबाजूला गलका होता, पण मला शब्द न् शब्द ऐकू आला, कारण ती माझ्या आजीची मराठी होती. तेच लांबवलेले स्वर, तेच जुने प्रत्यय, जे आमच्या नात्यागोत्याबाहेर मी जन्मात कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

"मंगळवारी दोनप्रहरीं बारा ते चार बाकावर कोणी रहाणार नाहीत. पाळी मीच लिहितों. तुझे अण्णास सांग मणून. आईस तोंड बघूं दे."

न्हाणीघरात कडी लावून आंघोळ करताना कोपऱ्यातून कोणी आपल्या नावाने हाक मारावी, तसं झालं मला. सोड्यातली गोटी खाली ढकलून द्यायची असते, तेवढं मी केलं आणि परत आले.

माझं नाव पुकारायला अजून दोन गाणी होती. तेवढ्या वेळात मी काय ते ठरवलं. फिटर चार पावलांवर होते. त्यांना विचारलं नाही, कारण विचारायला लागतं ते ज्याला शंका असते त्याला, आणि मला शंका नव्हती. हा सापळा होता. दोन महिने तो गप्प ऐकत राहिला तो याच मंगळवारसाठी. बाक रिकामा दिसेल आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना ते उभे असतील. मी निरोप दिला नाही तरी ते दुसऱ्या कुणाकडून तो पोचवतील, किंवा मागच्या रविवारचं ऐकून अण्णा आपणच येईल. नुसतं गप्प बसून भागणार नव्हतं. त्याला थांबवायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. माझी भाषा त्याने चोरून ऐकली याचा मला भयंकर राग आला होता.

मी पाच दिवस भराभर संपवले. मग थांबले नाही.

"सहाव्या दिवशी लाविली कडी,
बाळा, येऊं नको, वाट वाकडी, जो जो रे."

लोकांना नवीन ओळ मिळाली म्हणून आनंद झाला. सगळ्यांनी ती उचलली, शब्द वेडेवाकडे, पण सूर बरोबर. "येऊं नको, येऊं नको," असं ती चारशे माणसं म्हणाली आणि पत्रा घुमला. रायटरने त्या दिवशी प्रथमच मान वर केली. सावळा, थकलेला, आमच्या कुठल्याही काकासारखा चेहरा. त्याने माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, आणि तेच मला तेव्हा सगळ्यात भीतीचं वाटलं. मग मान खाली घालून तो लिहू लागला.

मंगळवारी मी शाळेत गेले नाही. अकराला ते दोघे बाकावर होते. बाराला कारखान्याचा भोंगा झाला आणि ते उठले, पैसे ठेवले, सायकली घेतल्या आणि गेले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मी पडद्याआडून बघत राहिले. बाकाच्या फळीवर त्यांच्या बसण्याने गुळगुळीत झालेले दोन डाग होते, ते उन्हात चकाकत होते. चहावाला आत आडवा झाला. कावळासुद्धा ओरडत नव्हता. चार महिन्यांत ती गल्ली मी इतकी मोकळी बघितली नव्हती.

एकला मी बादली घेऊन बाहेर पडले. नळापर्यंत गेले, पुढे कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापर्यंत गेले, उलट फिरून दुसऱ्या तोंडाला, लाकडाच्या वखारीपर्यंत गेले. दारांच्या आत बघितलं, गच्च्यांवर बघितलं. कुठेच कोणी नव्हतं. दोनला पुन्हा गेले. बादली रिकामीच होती, भरायचं सुचलं नाही. त्या माणसाने मला शब्दाप्रमाणे चार तास दिले होते, आणि अण्णाला कळवायचा माझ्याकडे एकच मार्ग होता, तो रविवारी पाच वाजता बंद झाला होता.

आई डोळे उघडून दाराकडे बघत होती. "कोण आहेत बाकावर मणून बग गे," ती म्हणाली.

"बघितलं. दोघं आहेत," मी म्हटलं.

"मग तो येणार नाही," ती म्हणाली आणि तिने पहिल्यांदाच कूस वळवली, भिंतीकडे. मग भिंतीशी काहीतरी पुटपुटत राहिली. मी कान जवळ नेला. ती आपल्याशीच पाळणा म्हणत होती, पहिल्यापासून. पाचव्यानंतर थांबली नाही. सहावा तिचा जुनाच होता, सटवीचा, आणि तो म्हणून ती सातव्यावर गेली. चारला ते दोघे परत आले आणि डागांवर नेमके बसले. पाचच्या सुमाराला आई गेली. एकुलता एक मुलगा असून अग्नी तंजावरहून आलेल्या चुलत काकांनी दिला.

पुढच्या रविवारी मी वाचनालयात गेले, घरात बसवेना म्हणून. टेबलाशी दुसराच माणूस होता, तरुण, फटाफट सोडा पिणारा. रायटर कुठे गेला ते फिटरांना कळलं नाही आणि मला कधीच कळलं नाही. त्याची बदली झाली असेल. पाळी चुकीची लिहिली म्हणून काही झालं असेल. मी विचारायला धजले नाही.

फिटरांनी माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि तोंडातून शब्द येईना. काय सांगायचं होतं? पहिल्या दिवशी काय, दुसऱ्या दिवशी काय? बायका वाट बघत होत्या. मग मागून कुणीतरी आपणच सुरू केलं, जो जो रे. सगळ्यांनी धरलं. मला वाटतं त्यांना मला धीर द्यायचा होता. पण कडवं नव्हतंच, नुसतं जो जो, पुन्हा पुन्हा, चारशे गळ्यांतून, आणि मधल्या रिकाम्या जागेत पुढच्या ओळीची वाट बघत ते थांबायचे. त्या थांबण्यात नव्या माणसाची पेन्सिल कुरकुरत होती. मी चपला तिथेच टाकून बाहेर आले. त्यानंतर मी गायले नाही. नंतर आमच्या घरातल्या बारशांनाही नाही.

दीड वर्षाने, वॉरंट उठल्यावर, अण्णा उघडपणे घरी आला. आला तो नुसता हाडांचा सांगाडा. पहिल्या दिवशी तो आईच्या खाटेवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी, मी भात वाढत असताना, बोलला. तो जवळजवळ प्रत्येक रविवारी आला होता. तिसऱ्या खांबाशी, डोकं तुळतुळीत करून, हमालाचा टॉवेल गुंडाळून. त्याने प्रत्येक कडवं ऐकलं होतं, अजून पाठ होतं.

"त्या रविवारीं मी ठरवून आलतों," तो म्हणाला. "काय व्हायचं तें होऊं दे, एक दोन दिवसांत घरीं जायचं. आईस आवडतात मणून मोसंबीं पण घेटलतीं. तूं सहावा गायलीस. तूं सहावा कधीं गात नाहींस. मणजे तुला काहीं पक्कं कळलं असेल मणून मी फिरलों." मग म्हणाला, "पुढच्या रविवारीं तूं गायली नाहींस, तेव्हां कळलं, आई गेली मणून."

तो चारशेंत होता आणि जो जो म्हणत होता. मला सूर सापडला नव्हता एवढंच.

त्याने भात कालवला, पण खाल्ला नाही. मग विचारलं, माझ्याकडे न बघता. "आई गेली त्या मंगळवारीं बाकावर किती जण होते?"

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. त्या रायटरसाठी तरी. आज अण्णाही नाही, म्हणून लिहिते आहे.

"दोघं होते," मी म्हटलं. "दिवसभर."

"बरं केलंस," अण्णा म्हणाला, आणि जेवायला लागला.